लिंबापाशी न थांबता

विश्रामबाग, सांगली
८ जानेवारी १९७३

ती. आबांस,
विजयमालेचा शि. सा. न. थोरल्या आईच्याही पायांवर डोके.

वि. वि. पत्र कामाचे आहे, म्हणून आधी काम लिहिते. आमच्या कार्यालयाने दुष्काळी गावांत यंत्राने मोजून विहिरींच्या जागा पाहायचे ठरवले आहे. माण तालुक्यातली आपली खडकेवाडी माझ्याकडे आली. मी मागून घेतलेली नाही. साहेबांना आधीच सांगितले की ते माझे गाव आहे, आणि माझे थोरले चुलते, म्हणजे तुम्ही, तिथले पाणाड्या आहेत, उंबराची बेचकी हातात धरून साऱ्या भागाला पाणी दाखवतात. साहेब म्हणाले, मग यंत्र इथेच ठेवून जा, वजन तरी वाचेल. मी हसले नाही.

वाडीला एकच विहीर मंजूर होईल. ती कोरडी गेली तर दुसरी मिळणार नाही. म्हणून विनंती अशी की मी येईपर्यंत तुम्ही जागा दाखवू नये. तुमची जागा ठरली की माझे कुणी ऐकणार नाही.

बेचकीवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माझ्या पदवीच्या आधीपासून ठाऊक आहे. तरी काल यंत्राची पेटी पुसताना तात्याबाचे रान आठवले. मी सात वर्षांची असेन. बाबा तेव्हाही फौजेत आणि मी तुमच्या मागे मागे. तुम्ही बेचकी माझ्या मुठींत दिलीत आणि मागून माझी मनगटे धरलीत. ती वाकली तेव्हा मी किंचाळले होते. बायका म्हणाल्या, पोरीच्या हाताला पाणी लागतंय. ते हात मी दुसऱ्या दिवसापर्यंत धुऊ दिले नाहीत. ज्याने मनगटे धरलेली असतात तोच बेचकी वाकवतो, हे समजायला मला कॉलेजात जावे लागले.

आई माझ्याजवळ बरी आहे. इथल्या नळाच्या पाण्याला चव नाही, ही तिची तक्रार रोजची.

जागेवरून आपले जमले नाही तरी लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपली
विजयमाला


खडकेवाडी, ता. माण, जि. सातारा
१९ जानेवारी १९७३

चि. विजयमालास,
केरबाचा आणि तुझ्या थोरल्या आईचा पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनला म्हणलं, दमलास गड्या, पाणी पिऊन जा. तर तोच म्हणतो, आबा, पाणी तुमालाच ऱ्हाऊ द्या. अशी गत हाय. टँकर कवा येतो, कवा येत न्हाई. आला की बायका घागरी घिऊन पळत्यात. तुझ्या थोरल्या आईचं गुडघं धरल्यात, ती मागं ऱ्हाती आन् तळाचा गाळ आणती.

पोरी, तुझं पत्र यायच्या आदीच जागा दाखवून झाली. गेल्या अवसेला उपाशी, अनवाणी चाललो. आपल्या घरांच्या म्होरं लिंब हाय न्हवं, तिथं बेचकी अशी वाकली की तिची साल माझ्या तळहाताला चिकटून आली. सारी झाडं वाळली, त्यो एक लिंब तेवढा हिरवा. कोंडीबा म्हणला, आता सरकारची बाई कशाला पायजे? मी म्हणलं, ती सरकारची बाई न्हाई, आमची विजी हाय, येऊ द्या.

मी आजवर कुणाचा पैसा घेतला न्हाई. एक नारळ, आन् नव्या विहिरीचा पयला तांब्या. त्यो पाणाड्यानं प्यायचा, मग गावानं. लय विहिरींचा प्यालो. त्यातल्या काही उन्हाळ्यात आटल्या. लोक इसरत्यात, मी न्हाई इसरत.

मनगटाचं म्हणशील तर धरली हुती खरी. पर बेचकी वाकायच्या आदी मी ती सोडली हुती. तू डोळं मिटलं हुतंस, तुला कसं कळणार? थोरली आई बांधावर हुती, तिला इचार.

ये लवकर. हुलग्याचं माडगं करून ठेवायला सांगतो. आमच्यावरची माया यंत्रानं मोजत बसू नको.
तुझा
केरबा आबा


विश्रामबाग, सांगली
१४ फेब्रुवारी १९७३

ती. आबांस शि. सा. न.

वि. वि. सुखरूप पोचले. थोरल्या आईने बांधून दिलेल्या भाकरी आईने इथे शेजारपाजारी मिरवल्या.

देवळापुढच्या बैठकीत मी नीट बोलू शकले नाही, म्हणून लिहिते. कोंडीबाने विचारले की यंत्राच्या तारेने गाभण म्हशीला झटका बसला तर भरपाई कोण देणार. रंगुबाईला एवढेच जाणून घ्यायचे होते की माझे लग्न कुठे अडले आहे. मग नानासो म्हणाले, सरकारला नुसता खड्डा पाडायचा असेल तर पोरीचं ऐका, पाणी काढायचं असेल तर केरबाला विचारा. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, ते मी पाहिले.

आता मोजणी. आम्ही जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतो. खाली ओल असेल तर ती सहज जाते, सलग पाषाण असेल तर अडते. लिंबापाशी थोड्याशा मुरुमाखाली सलग काळा पाषाण आहे, आणि यंत्राची नजर पोचते तिथवर तोच आहे. लिंबाला पुरते तेवढी ओल त्याच्या मुळांना मिळते. ती वाडीला पुरणार नाही. ओढ्याच्या वळणावर मात्र सहा-सात परस खोलीवर कुजका, भेगाळ खडक दिसतो. हात वर केलेला माणूस म्हणजे एक परस, हे माप तुम्हीच मला शिकवलेत. तिथे मी लाल खुंटी ठोकून आले आहे. पाणी लागण्याचा संभव चांगला आहे. खात्री नाही. खात्री देणारे यंत्र नसते.

मी अहवालात लिंब लिहू शकत नाही. वाडी ओढ्यावर खणायला तयार नाही. महिनाअखेर संमतीचा कागद आला नाही तर विहीर दुसऱ्या गावाला जाईल.

चारचौघांत तुम्ही आपली जागा खोटी म्हणावी, असे मी सुचवत नाही. जे आहे ते कळवले. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर पोटात घालावे.
आपली
विजयमाला


खडकेवाडी
२७ फेब्रुवारी १९७३

चि. विजयमालास आशीर्वाद.

गाव तयार झालं. संमतीचा कागद ग्रामसेवक आज दहिवडीला घिऊन गेला. तुझ्या लाल खुंटीवर.

कसं झालं ते सांगतो. मी देवळापुढं म्हणलं, अवसेला माझ्या हातनं चूक झाली. नकळत च्या प्यालो आन् तसाच चाललो. उपास मोडला हुता, ती जागा धरू नका, मी पुन्हा चालतो. नानासो म्हणला, आवं आबा, च्या पिऊन पाणी दिसत न्हाई व्हय? मी म्हणलं, तुला दूध पिऊन तरी काय दिसतंय?

काल सोमवारी चाललो. सारी वाडी मागं. देवळापासनं निघालो, घरांम्होरनं, लिंबाजवळनं, उताराला लागलो ते थेट ओढ्याचं वळण. तिथं बेचकी वाकली. तळहातावर नारळ ठेवला तर त्योबी, खाली पाणी असल्यावानी, उभा ऱ्हायला. नानासोनंच त्यो फोडला. वर म्हणतो कसा, बघा, केरबाची बेचकी पोरीच्या खुंटीवर आली, पोरीच्याबी अंगात हाय ते.

बायका कुरकुरल्या, लय लांब पडंल म्हणून. तुझी थोरली आई म्हणली, पाण्याला लांब जाईन, कोरड्या खड्ड्याशेजारी बसून काय करू?

बेचकी वाकली का वाकवली, ते इचारू नको. तुझ्या आईला आमची आठवण दे, तूबी काढत जा.
केरबा आबा


विश्रामबाग, सांगली
६ मार्च १९७३

ती. आबांस शि. सा. न.

वि. वि. पत्र दोनदा वाचले. अवसेच्या दिवशी तुम्ही चहा प्यालात यावर मी विश्वास ठेवत नाही. तुम्ही तापातही उपास मोडलेला नाही.

तुम्ही केलेत त्याचा अर्थ असा होतो. पाणी लागले तर लोक म्हणतील बेचकीने दाखवले, आणि पुढच्या गावातही मला तेच ऐकावे लागेल. ते मी ऐकेन. पण कोरडी गेली तर नाव तुमचे जाईल, आणि जागा तर माझी आहे. माझ्या चुकीला तुम्ही आपले नाव दिले आहे. मला विचारले असतेत तर मी नको म्हटले असते. म्हणूनच विचारले नसावे.

मला रात्री मोजणीचे आकडे पुन्हा पुन्हा आठवतात. ते चुकलेले नाहीत. तरी आठवतात.

इचारू नको म्हणालात, तरी विचारते. बेचकी ओढ्यावर आपोआप वाकली का? हा प्रश्न तुमच्या पुतणीचा नाही, मोजणी करणारीचा आहे.

आईने पत्र वाचले. मग म्हणाली, भावजींना कळव, पायात काहीतरी घालत जा, ओढ्यात बाभळीचे काटे असतात. तेही कळवले.

तब्येत सांभाळून असावे. राग आला असला तरी पत्र पाठवावे.
आपली
विजयमाला


खडकेवाडी
२१ मे १९७३

चि. विजयमालास,
सगळ्या वाडीचा आशीर्वाद, माझा त्यात धरून.

पाणी लागलं.

मधी लिवलं न्हाई, कारण लिवण्यासारखं कायबी नव्हतं. पाच परस गेलो तरी सुका दगड. सुरुंग उडवावा, धुरळा बसावा, खाली वाकून बघावं तर खडखडाट. कोंडीबानं मला रामराम करायचं सोडलं. एका सकाळी कुणीतरी दारात नारळाची करवंटी ठिवली. थोरलीनं ती उचलली, घासली आन् तिच्यात मीठ भरून ठिवलं. म्हणली, फुकटची वस्तू आली.

सहाव्या परसाला दगड मऊ झाला. सातव्याला उगवतीच्या कोपऱ्यातनं धार सुटली, मनगटायेवढी. तुझ्या आकड्यावर. नानासो कापडासकट त्यात बसला, उठंचना. कोंडीबा आला, माझ्या पायावर डोकं ठिवलं आन् पयला तांब्या म्होरं केला.

मी प्यालो न्हाई.

तू इचारलं हुतंस, सांगतो. त्या सोमवारी लिंबापाशी बेचकी आपोआप वाकली, अवसेपरीस जोरात. मी मुठी आवळल्या आन् न थांबता म्होरं गेलो. ओढ्यावर ती हललीबी न्हाई. मी वाकवली, नारळबी मीच उभा केला. जन्मात पयल्यांदा. तवा त्यो तांब्या माझा कसा? लोकांना म्हणलं, विजीचा हाय. तुझ्या बानं मागच्या रजेत फौजेची पाण्याची बाटली इथं सोडली हुती, तिच्यात भरून सांगलीच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलीया. सांडू नको म्हणून त्याला थोरलीनं लाडू दिलाय.

एकच सांग. लिंबाखाली खरंच काय न्हाई का? पुन्हा एकदा यंत्र लावशील? मला विहीर नको, नुसतं कळायला पायजे. एवढी वर्सं ह्या हातांनी काय सांगितलं ते.

खरं तेच लिव. त्यानं माया कमी व्हायची न्हाई.
केरबा आबा


विश्रामबाग, सांगली
२ जून १९७३

ती. आबांस,
विजयमालेचा शि. सा. न., या वेळी जरा जास्त वाकून.

वि. वि. लिंबाखाली पाणी नाही. पुन्हा यंत्र लावायची गरज नाही, कारण मी तिथे दोनदा मोजले होते. सगळे गेल्यावर, दिवस मावळता, खुंट्यांची दिशा बदलून. कामाला दुसरी मोजणी लागत नव्हती. तुमची जागा खरी निघावी असे मला वाटत होते, म्हणून केली. आकडा तोच आला.

बाकीच्या विहिरींचे म्हणाल तर मला जे दिसले ते लिहिते. लहानपणी मी तुमच्या मागे असायची, त्यामुळे बेचकी मला दिसायचीच नाही, तुमचे पाय दिसायचे. सखल भाग आला, ओढा वळला, गवताचा रंग बदलला की ते हळू व्हायचे. बेचकी त्यानंतर वाकायची. अशा जागी पाणी बहुधा असतेच, बेचकी असो वा नसो. तुमचे हात खोटे बोलत नव्हते. त्यांना खालचे पाणी कळत होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

मग लिंबापाशी, त्या उंचवट्यावर, ती का वाकली, हा प्रश्न उरतो. लिंब तुमच्या घराच्या दारात आहे. तिथे विहीर झाली असती तर थोरल्या आईला चार पावलांवर पाणी मिळाले असते. तुम्हाला ते कळत नसेल, पण माझ्या मते तुमचे हात तिथे तिच्यासाठी वाकले. हा निष्कर्ष नाही. अहवालात मी असे लिहीत नाही.

मनगटांबद्दल मी फेब्रुवारीत थोरल्या आईला विचारले होते. ती म्हणाली, सोडली होती, मी पाहिलं. तात्याबाच्या रानात ओढा जवळ आहे, माझे हात कशाने वाकले याचे कारण मला देता येईल. पण ते हात धुऊ न देणारी मुलगी मला अजून आठवते, आणि तिला ते कारण सांगावेसे वाटत नाही.

बाटली पोचली. कंडक्टरने लाडवांची चौकशी केली, अजून आहेत का म्हणून. पाणी मी आधी प्रयोगशाळेत तपासले. क्षार मर्यादेत आहेत, पिण्यास योग्य आहे. मग आईने घोटभर घेतले आणि म्हणाली, याला पाणी म्हणतात. मग मी प्याले.

निम्मेच. उरलेले त्याच बाटलीत, त्याच कंडक्टरबरोबर परत पाठवते आहे. जागा खुंटीने दाखवली हे खरे, पण खुंटीमागून वाडी आली नसती. ती लिंबापाशी न थांबता पुढे गेलेल्या माणसामागून आली. हे मी तपासून लिहिते आहे. तेव्हा पहिला तांब्या निम्मा तुमचा होतो. उपाशीपोटी प्यावा. चहा नंतर घ्यावा.

पाऊस पडून ओढ्याला पाणी आले की मी येईन, विहिरीची पातळी मोजायला. माडगे करून ठेवावे.
तुमची
विजी