आत्याची कार्बन वही

वडगाव, बेळगाव
४ सप्टेंबर २०२५

चि. रचनास, मंगल आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाँडिचेरीला जाऊन तुला महिना झाला. फोनवर मला धड ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं पत्रच बरं. महादेवदादाने उचगावहून रताळी पाठवली. तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली, राग मानू नकोस.

आज एक नवा काळ घेऊ. घाबरू नकोस, नाव मोठं पण काम सोपं. पुढे दोन गोष्टी घडायच्या असतात आणि त्यातली एक आधी उरकलेली असते, तेव्हा फ्रेंचमध्ये हा काळ वापरायचा. तू येशील तेव्हा माझ्या भाकऱ्या झालेल्या असतील, तसं. आधी 'आव्वार' या सहायक क्रियापदाचा साधा भविष्यकाळ करायचा: ओरे, ओरा, ओरा. त्याला मुख्य क्रियापदाचं भूतकाळी रूप जोडायचं. झोरे फिनी, म्हणजे मी संपवलेलं असेन. जाणं, येणं, पोचणं अशा क्रियापदांना मात्र आव्वार चालत नाही, तिथे 'एत्र' लागतं: झ सरे पार्ती, मी गेलेली असेन. बाई बोलत असेल तर शेवटी एक 'अ' जोडायचा. तो ऐकू येत नाही, पण लिहिला नाही की मार्क जातात.

दहा वाक्यं करून पाठव. तीस वर्षं कॉलेजात शिकवताना मी प्रत्येक पाठाखाली कार्बन ठेवला, तसा याच्याखालीही ठेवलाय. उद्या भांडलीस तर पुरावा माझ्यापाशी आहे!

लोभ आहेच, अभ्यासही असू दे.
तुझी
मंगल आत्या


पाँडिचेरी
१३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पाठ समजला. दहा वाक्यं सोबत आहेत. तो न ऐकू येणारा 'अ' मी दोनदा विसरले, तूच शोध.

मला परीक्षेची फार भीती वाटते गं. १३ डिसेंबरला आहे. पास झाले तर तिकडे फ्रान्सात वृद्धाश्रमात नर्सचं काम मिळेल, नाही तर बेळगावातला सोडलेला दवाखाना पुन्हा घेईल की नाही कोण जाणे. वर्गात सगळे माझ्यापेक्षा पुढे आहेत. एक तूच आहेस जिच्यासमोर चुकायला लाज वाटत नाही.

आईला सांग, मी जेवते. आशीर्वाद असू दे.
तुझी
रचना


वडगाव
६ ऑक्टोबर २०२५

चि. रचनास, अनेक आशीर्वाद.

परवा गंमतच झाली. मंडईतून येताना वडगावच्या स्टॉपवर उतरले आणि आपली गल्ली कुठली तेच कळेना. प्रत्येक गल्लीत यंत्रमाग चालू, सगळीकडे पायाखाली तोच हादरा. शेवटी किराणावाल्या राजाबाईने हात धरून दारात आणून सोडलं. ऊन लागलं असेल. तुझी आई आली होती, तिला मात्र हे सांगितलं नाही. ती आधीच म्हणत होती की वन्सं, दूध गॅसवर ठेवून तुम्ही कुठं गेलता, लई ध्यान सुटतंय तुमचं.

असो. आज एक नवा काळ घेऊ. घाबरू नकोस, नाव मोठं पण काम सोपं. पुढे दोन गोष्टी घडायच्या असतात आणि त्यातली एक आधी उरकलेली असते, तेव्हा हा वापरायचा. तू येशील तेव्हा माझ्या भाकऱ्या झालेल्या असतील, तसं. सगळा पाठ सोबतच्या कागदावर आहे. दहा वाक्यं करून पाठव.

लोभ आहेच, पोटाकडेही बघ.
मंगल आत्या


पाँडिचेरी
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

नवा पाठ मिळाला, छान समजला. नवीन दहा वाक्यं केली आहेत.

उन्हात एकटी जात जाऊ नकोस. आणि आत्या, दूध तापवताना स्वयंपाकघरातच बसत जा ना, वाचायला काही तरी घेऊन. मी उगीच सांगत नाही.

इकडे पाऊस आहे. झोप नीट लागत नाही, परीक्षेमुळेच असेल.
तुझी
रचना


वडगाव
९ नोव्हेंबर २०२५

चि. रचनास, आशीर्वाद.

आज रागावले आहे, आणि त्याहून जास्त घाबरले आहे.

तुला पुढचा पाठ काय द्यावा म्हणून कार्बनची वही उघडली. ४ सप्टेंबरला तोच काळ. ६ ऑक्टोबरला तोच. २७ ऑक्टोबरला पुन्हा तोच. तिन्ही ठिकाणी अक्षर माझं, भाकऱ्या त्याच. मला तिन्ही वेळा वाटलं होतं की आज पहिल्यांदाच शिकवतेय. तिसऱ्यात तर मी 'झोरे पार्ती' लिहिलंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरंही ही चूक करायची नाहीत, आणि केली तर मी त्यांना वर्गात उभं करायची.

मग तुझी उत्तरं काढली. पुढच्या दोन्ही वेळाही लिहिलंस की नवा पाठ छान समजला. तिसऱ्या वेळी तू स्वतःच्या वाक्यात गुपचूप 'झ सरे पार्ती' केलंस आणि मला अक्षरानेही कळू दिलं नाहीस. म्हाताऱ्या बाईचं मन राखलंस. पण बाळ, मी कुठवर गेले आहे हे मला कोण सांगणार? वहिनीला फ्रेंच येत नाही. डॉक्टरला पूर्वीची मी माहीत नाही. माझी चूक ओळखू शकेल असं माणूस जगात तू एकटी, आणि तूच खोटं बोललीस.

डॉक्टरांनी २२ डिसेंबरची वेळ दिली आहे. त्या दाराची मला भीती वाटते. पण मी विसरतेय हेच विसरून जाईन, याची जास्त वाटते. तू तिकडे पोचशील तेव्हा मी तुझं नाव विसरलेली असेन की काय, असं मनात येतं. बघ, हा काळ नेमका कशाला उपयोगी पडतोय.

म्हणून माझं एक ऐक. यापुढे माझं प्रत्येक पत्र लाल शाईने तपासून मला परत पाठवायचं. जुनंच लिहिलं असेल तर वर पहिली तारीख टाकायची. दया करायची नाही. मी तुझ्यावर कधी केली होती का?

शब्द दे. लोभ त्यानंतर मागेन.
मंगल आत्या


पाँडिचेरी
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

चुकले. दुसऱ्या वेळी तुझं पत्र उघडलं आणि पहिल्याशी ताडून पाहिलं. वाटलं, मी काही बोलले नाही तर ते खरं होणार नाही. तिसऱ्या वेळी रात्रभर रडले आणि सकाळी तुला 'छान समजलं' लिहिलं. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना मी सांगायची की लपवू नका, आणि स्वतः हेच केलं.

आत्या, मी परत येऊ का? तिकडच्या आजीबाईंचे केस विंचरायला जायचं आणि वडगावला माझी आत्या स्टॉपवर उभी, हे मला जमणार नाही.

शब्द देते. तिन्ही पाठ तपासून सोबत ठेवले आहेत. लाल पेन हातात धरवत नव्हतं, तरी धरलं.

माफ कर.
रचना


वडगाव
८ डिसेंबर २०२५

चि. रचनास, मंगल आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून तुझं पत्र नाही. नव्या जागी रमली असशील. महादेवदादाने रताळी पाठवली. तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली, राग मानू नकोस.

आज एक नवा काळ घेऊ. घाबरू नकोस, नाव मोठं पण काम सोपं. तू येशील तेव्हा माझ्या भाकऱ्या झालेल्या असतील, तसं. झोरे फिनी, मी संपवलेलं असेन. झोरे पार्ती, मी गेलेली असेन. दहा वाक्यं करून पाठव.

तुझी परीक्षा कधी आहे ते कळवलं नाहीस. आधी कळवलंस तर देवापुढे दिवा लावीन.

लोभ आहेच, अभ्यासही असू दे.
तुझी
मंगल आत्या


पाँडिचेरी
१४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळालं. दिलेल्या शब्दाप्रमाणे तपासून सोबत ठेवलंय. वर लाल शाईने लिहिलंय: हा पाठ पहिल्यांदा ४ सप्टेंबर, आता चौथ्यांदा. 'झोरे पार्ती' खोडून 'झ सरे पार्ती' केलंय. माझी पत्रं तुला चार आली आहेत, तुझ्या टेबलाच्या डाव्या खणात बघ. रताळी सप्टेंबरची. दया केलेली नाही.

परीक्षा काल झाली. त्यात हा काळ आला होता. लिहिताना भीती वाटली नाही, कारण तू चार वेळा शिकवलास. निकाल जानेवारीत आहे. जायचं की नाही ते आपण दोघी बसून ठरवू, मी एकटी ठरवणार नाही आणि तुलाही एकटीला ठरवू देणार नाही.

उद्या गाडीत बसते. पोस्टमन हे पत्र टाकेल तेव्हा मी वडगावला येऊन पोचलेली असेन, आणि बहुतेक मीच ते तुझ्या हातात देईन. २२ तारखेला डॉक्टरांच्या दारातून आपण दोघी मिळून आत जाऊ. मलाही त्या दाराची भीती वाटते.

दार उघडशील तेव्हा मी कोण ते आठवलं नाही, तर विचार. मी सांगेन. पुन्हा विचारलंस तर पुन्हा सांगेन, आणि हे तू मघाशीही विचारलं होतंस, हेसुद्धा सांगेन. आपलं तसं ठरलंय.

भाकऱ्या करू नकोस, गॅस लावू नकोस. मी आल्यावर करते.

तुझी
रचना