काळा दोरा आणि काचेचे छत

३ फेब्रुवारी

चि. मास्तरास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. फोन असताना ताई पत्र का लिहिते, असे तू बायकोला विचारलेस म्हणे. अरे, फोन करू कुठून? दिवसभर तुझे भावोजी माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असतात. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्यासमोरच बोलले तर ती चहाडी राहत नाही, भांडण होते. म्हणून दुपारी इस्त्रीवालीच्या दुकानात बसून लिहिते. तीही मधूनमधून मुद्दे सुचवते, ते मी गाळून घेते.

बातमी अशी की आमच्या गल्लीला लागून असलेला मॉल वाढतो आहे. आधी वाटले, पलीकडे वाढेल. पण मॉलला पोट सुटले की ते शेजाऱ्याच्या अंगावरच सुटते. नवी इमारत बरोबर आमच्या समोर चढली आणि दुकानाच्या दारातला उजेड गेला. तू म्हणशील, बरे झाले, गारवा आला. पण रफूचे काम गारव्यावर चालत नाही. कोटाला सिगारेटने पडलेले भोक बुजवायचे तर त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरा काढायचा. तो पुरला नाही की रंगाला रंग जुळवून दुसरा घ्यायचा. आणि उभ्या-आडव्या विणीत तो असा मिसळायचा की ज्याने भोक पाडले त्यालाही ते सापडू नये. हे सगळे दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात, बाहेर पडले की एकमेकांना ओळख देत नाहीत. परवाच वकिलीणबाई आपला काळा कोट घेऊन परत आल्या. बाहीवर निळा ठिपका, जणू कोटाला कुणी मारले आहे.

मॉलवाले गल्लीतल्या सगळ्यांना आत गाळे देताहेत. महिनाअखेरपर्यंत हो म्हणायचे, नाही तर हक्क गेला. इस्त्रीवाली जाणार, चपलावाला जाणार. आम्हाला तळमजल्यावरचा एक काचेचा गाळा नेमून दिला आहे, चोवीस तास दिव्यांचा लखलखाट. तुझे भावोजी म्हणाले, काचेच्या पेटीत बसायला मी काय शोभेचा मासा आहे? एवढ्यावर थांबले असते तर बरे. पण चहाच्या टपरीवर अख्ख्या गल्लीदेखत त्यांनी शपथ घेतली की मॉलची पायरी चढणार नाही. त्यापेक्षा दुकान मिटून घरी बसेन.

घरी बसेन म्हणे! हा माणूस घरी बसला तर आठवड्यात माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकेल. आणि माझे काय? तो बसला की मीही बसले. मला बसायचे नाही रे. लग्न होऊन आले तेव्हापासून सुई हातात आहे, आणि हात अजून थरथरत नाही. मला काम हवे, गिऱ्हाईक हवे, त्यांच्या फाटक्या कपड्यांमागच्या भानगडी ऐकायला हव्यात. दुकान गेले तर मी कुणाच्या संसारात नाक खुपसू, तुझ्या?

यात एक नवीनच प्रकरण. हे रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर कुठेतरी जातात. विचारले तर पाय मोकळे करायला. काल आले ते अंगाला अत्तराचा घमघमाट घेऊन. बायकांचे अत्तर. इस्त्रीवालीने शर्ट हुंगून तसा निकाल दिला आहे, आणि जन्मभर लोकांचे शर्ट हाताळलेली ती बाई, तिच्या निकालावर अपील नाही.

तुझी लेक चिमणी मजेत आहे. मॉलच्या कचेरीत नकाशे सांभाळते आणि माझ्याकडे फक्त झोपायला येते. तिची काळजी नको, माझी कर.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर उत्तर लवकर लिही. पत्र इस्त्रीवालीच्या पत्त्यावर.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुझे पत्र मी मोठ्याने वाचले आणि हिला हसता हसता ठसका लागला. भावोजी आणि अत्तरवाली! अगं, त्यांना सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात, त्यांना अत्तरवाली दिसणार कुठून? आणि समजा दिसलीच, तर ते आधी तिच्या ओढणीची वीण तपासतील.

मला विचारशील तर गाळा घे आणि मोकळी हो. बदलाला घाबरायचे वय त्यांचे असेल, तुझे नाही. मी वर्गात नेहमी सांगतो की नदीसुद्धा पात्र बदलते. पोरे ते वहीत उतरवतात आणि माझ्याकडे केविलवाण्या नजरेने बघतात, तशी तू बघू नकोस.

तरी तुझ्या जिवाला घोर नको म्हणून चिमणीला वेगळे पत्र टाकले आहे. काका मॉलच्या आसपास दिसले तर मला कळव, असे लिहिले आहे. पोरगी माझी असली तरी भोचकपणा तुझ्याकडून आला आहे, काम चोख करील.

तब्येत सांभाळ, भावोजींना छळू नकोस, आणि माझ्यावरचा लोभ यंदा तरी सल्ल्याशिवाय पाठव.

तुझा,
मास्तर


१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार वि. वि. फोनच करणार होते, पण आत्याच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आत्याचे कान त्याहून. म्हणून कचेरीत बसून लिहिते.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी आमच्या साहेबांकडे, म्हणजे मॉलच्या व्यवस्थापकांकडे, पहारेकऱ्यांची तक्रार आली. एक संशयित गृहस्थ रोज दुपारी कानटोपी घालून येतो, मजल्यामजल्यावर थांबून छताकडे बघतो आणि बोटांत दोरे धरून हलवतो. बहुधा जादूटोणा करतो. साहेबांनी मला बघून यायला पाठवले. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेले तर कानटोपीतून काकांचे नाक बाहेर आलेले. एका हातात काळा दोरा, दुसऱ्यात निळा, आणि चेहरा असा की जणू सोने पारखताहेत. मला बघून आधी पांढरे पडले आणि मग उलट मलाच रागावले की ही काय जेवायची वेळ टाळून भटकायची रीत झाली.

अत्तराचे सांगून टाकते. मुख्य दाराशी एक मुलगी उभी असते, ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर नमुन्याचे अत्तर मारते. काका डोळे मिटून, श्वास धरून तिच्यासमोरून पळतात. पण ती नेमबाज आहे.

बाबा, ते मॉलभर उजेड शोधत होते. सगळा मॉल पालथा घातल्यावर त्यांना एकच जागा सापडली. तिसऱ्या मजल्यावर काचेचे छत आहे, त्याच्या बरोबर खाली. तिथे डोळ्यांवर ऊन येत नाही, पण उजेड दिवसभर तसाच राहतो. काका म्हणाले, इथे काळा काळाच दिसतो. माझ्याच कामाच्या नकाशातली जागा, पण मला ती तेव्हा पहिल्यांदा दिसली.

कानटोपी काढून ते सरळ साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तिथे झाड येणार आहे. प्लॅस्टिकचे, दोन माणसांएवढे उंच. लोक त्याच्यासमोर फोटो काढतील. मग साहेबांनी काकांना समजावले की मॉल म्हणजे बाजार नव्हे, तो एक अनुभव असतो. काका बाहेर येऊन मला म्हणाले की असला अनुभव त्यांना पुरला, महिनाअखेरीला दुकान बंद. इतके हळू बोलले की मला त्यांचे ओरडणे बरे वाटले असते.

त्यांनी मला शपथ घातली आहे की आत्याला यातले अक्षर सांगायचे नाही. तुम्हाला सांगू नको असे काही म्हणाले नाहीत.

आईला नमस्कार. माझ्यावर माया असू द्या, आणि त्या मायेसोबत एक उबदार पांघरूणही पाठवा. आत्याचे मी वापरते म्हणून ती मला रोज ऐकवते.

तुमची,
चिमणी


२० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. चिमणीचे पत्र सोबत घातले आहे. शपथ तिने घेतली आहे, पाकिटाने नाही.

अत्तरवालीचा खटला निकालात निघाला. इस्त्रीवालीला सांग, नाक बरोबर होते, कायदा चुकला. ते काचेचे छत उत्तरेकडे कललेले असणार, म्हणून उजेड येतो आणि ऊन येत नाही. मी वर्षानुवर्षे हे फळ्यावर काढून दाखवतो. भावोजींनी दोन दोऱ्यांवर शोधून काढले. गाळा घेऊन मोकळी हो असे मी लिहिले होते ते मागे घेतो. त्या काचेच्या पेटीत त्यांना बसवू नकोस.

महिना संपायला आठवडा आहे. आता सल्ला देत नाही, कारण तू हे वाचून संपवायच्या आधीच चपला पायात घातल्या असशील.

लोभाचे मागाहून बघू, आधी जाऊन ये.

तुझा,
मास्तर


२७ फेब्रुवारी

चि. मास्तरास,

अ. उ. आ. चपला आधीच पायात होत्या.

ठेवणीतले कपडे घालून काल मॉलमध्ये गेले. यांना सांगितले, दातांच्या डॉक्टरकडे जाते. दाराशीच त्या नेमबाज मुलीने मला गाठले. मी तिला म्हटले, बाई, तुझ्यामुळे माझ्या संसाराला तडा जात होता. ती बिचारी घाबरून आणखी दोनदा अत्तर मारून मोकळी झाली.

साहेब वयाने आपल्या चिमणीएवढेच. मला बसायला दिले, पाणी दिले, आणि मग अनुभव द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दारातून शिरते तो त्याचा प्रवास, सरकत्या जिन्यावर चढते तो प्रवास, पाकीट रिकामे करून निघते तोही प्रवास. मी मान डोलवत ऐकले. मग विचारले, तुमचे ते झाड खरे का खोटे? ते अभिमानाने म्हणाले, पूर्ण प्लॅस्टिकचे. पाणी नको, ऊन नको, पान गळत नाही. मी म्हटले, ज्याला ऊन नको त्याला तुम्ही मॉलमधली एकुलती एक उजेडाची जागा कशाला देता? आम्हाला तळमजल्यावर जो गाळा नेमून दिलाय तिथे त्याला बसवा. ट्यूबलाइट आहे, काच आहे, दारातून शिरल्याबरोबर दिसेल. तेही सुखी, आम्हीही.

साहेबांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी मनातले खरे काढले. इथे सगळे नवे विकायचे, तिथे मधोमध फाटके घेऊन बसलेली माणसे कशी दिसतील? हे मात्र मला टोचले, मास्तर. क्षणभर वाटले, उठावे. पण उठून जायचे कुठे होते? त्या अंधारलेल्या दारात? मी म्हटले, साहेब, तुमच्याकडे माणूस नवे घ्यायला येतो, तेव्हा अंगात जुने घालूनच येतो ना? त्या जुन्याचे कुणी बघायचे?

ते हसले. आधी ओठांनी, मग अख्खे. म्हणाले, माझ्या आजीला तुम्ही फार आवडला असता. चिमणीकडून नकाशा मागवला, झाडावर फुली मारली आणि मला सही करायला लावले.

घरी आले तर हे माझ्याकडे टवकारून बघतात. दातांच्या डॉक्टरकडे अत्तर कधीपासून लावतात, म्हणून विचारले! मी म्हटले, तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली आहे, काचेच्या छताखाली. तुमची शपथ आहे, तुम्ही घरी बसा, मी जाते. बराच वेळ घास चावत राहिले. मग अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारले, ती सरकत्या जिन्यापासून डावीकडची जागा का? मी म्हटले, पायरी न चढलेल्या माणसाला डावे-उजवे कसे ठाऊक? सकाळी उठून मला सांगतात की सरकता जिना माणसाला आपणहून वर नेतो, त्याला चढणे म्हणत नाहीत. टपरीवर सगळ्यांशी बोलून झाले आहे, शपथेला बाधा येत नाही.

आता सामान बांधायचे आहे. लोभ आहे तेवढा पुरे, येऊन खोकी उचल.

तुझी,
ताई


९ एप्रिल

श्री. मेहुणे मास्तरांस,

स. न. वि. वि. मला पत्राची सवय नाही. पण तुमच्या ताईने तुम्हाला आपल्या बाजूने बरेच कळवले असणार, तेव्हा दुसरी बाजू कळावी म्हणून लिहितो.

मॉल वाईट नाही. गार आहे. इस्त्रीवाली खाली झाडाशेजारी आहे. पहिल्या आठवड्यात तिने त्याला पाणी घातले, आता घालत नाही, पण पुसते. जिन्यावरून उतरताना माणसे आपल्याकडे बघतात, मग आपापल्या बाह्या तपासतात आणि परत वर येतात. त्यामुळे काम भरपूर आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगतो, तिला कळवू नका, डोक्यावर बसेल. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ मला आधी एक जागा सापडली होती. उजेड चांगला होता, पण तिथे एकच स्टूल मावत होते. जुन्या दुकानाच्या दारातही एकच मावायचे. त्यावर मी बसायचो, रंग मी जुळवायचो, आणि ती मागे अंधारात मी दिलेला दोरा घेऊन काम करायची. म्हणून खिडकी सोडली आणि वर गेलो. तिथे वितीने मोजले, दोन स्टुले शेजारी शेजारी बसतात.

त्याची फळे आता भोगतो आहे. पहिल्याच सकाळी तिने माझा दोऱ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि भर मजल्यावर जाहीर केले की माझ्या काळ्यांतले निम्मे निळे आहेत, दोन तपकिरी आहेत आणि एक चक्क हिरवा. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला पोऱ्या ऐकून लगेच आपले पत्रक देऊन गेला. आता रंग ती जुळवते. मी सुया ओवतो. त्यातही दोरा फार लांब घेतो म्हणते.

काल एक सनईवाला आला. कार्यक्रमाचा काळा कोट, पाठीवर खिळ्याने फाटलेला, चांगला बोटभर. तिने मला हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत मान खाली घालून बसली होती, मधे एकदाच चहा. झाल्यावर कोट माझ्याकडे टाकला. मी तो त्या उजेडात उलटा केला, सुलटा केला, दोन्ही चष्मे लावले, पाठीवरून बोट फिरवले. तिने विचारले, एवढे काय बघताय? मी म्हटले, काही नाही.

आणि मास्तर, खरोखरच तिथे काही नव्हते.

तुमचा लोभ आहे हे ठाऊक आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नका, ती आधी फोडते.

आपला,
भावोजी