चंद्री बसली

४ डिसेंबर, गुरुवार
दत्ता, तू वाळूजहून घरी येऊन हे वाचशील तोवर गाय व्याली होती हेच विसरलेला असशील. बायकोचा वाढदिवस विसरणारा तू. म्हणून आधी तारीख घालायला लावली. सांगतेय मी, तुझी आई, लिहितेय तुझी सुनंदा. शिव्या गाळतेय, असा मला संशय हाय.

काल दुपारी चंद्रीला कालवड झाली. तिला पाजून उरलेला सगळा चीक तू काढलास, सडात थेंब ठेवला नाहीस. गल्लीभर खरवस वाटला, कंपनीत डबा नेलास. रीतच हाय आपली.

आज सकाळी चंद्री उठेना. कान गार, मान पोटाकडं वळलेली. शेजारची कौसा म्हणाली, नजर लागली. म्हटलं, नवरी हाय का ती? तोंडात तेल ओतायला निघाली, तर हाकलली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. अंगातलं कॅल्शियम दुधात गेलं म्हणाल्या. शिरेतून बाटली लावली, हळूहळू.
"चीक किती काढला?"
मी सुनंदाकडं बघतेय, सुनंदा माझ्याकडं. दोघींच्या पोटात खरवस.
"दोन-तीन दिवस कास रिकामी करायची नाय, आजी. कालवडीपुरतंच काढा."
संध्याकाळी उठली. वैरण खाल्ली.

५ डिसें., शुक्र.
परत बसली. डॉ. बाईंनी दुसरी बाटली लावली. म्हणाल्या, अशीच पडून राहिली तर पाय जातील, मग औषधानंही उठायची नाय.
दोन्हीकडून भुशाची पोती लावली. घडीघडीला कूस बदलतो. सुनंदा ढकलते, मी हुकूम सोडते. कौसानं चिकासाठी तांब्या पाठवला. रिकामा परत. रुसू दे.

६ डिसें., शनि.
कान ऊन लागतेत. शेण टाकलं. मागचे पाय उचलले, पुढचे गुडघे टेकलेलेच... परत बसली. मी पण बसले, तिच्यासमोर. बघू कोण आधी कंटाळतं.

उद्या तुझा ओव्हरटाईम म्हणे. सुनंदा या पानाचा फोटो धाडील. इकडं येणाऱ्या पाचोडच्या जीपमध्ये बाजरी ठेवून दे, संगं गूळ. बाजरी आख्खी, भरडलेली नको. घुगऱ्या शिजवून टोपलं उंचावर ठेवणार हाय, उभं राहिल्याबिगर चंद्रीचं तोंड पोचणार नाय असं.