ओढ्यापलीकडची मतं

नारीनजवळून

आई, सलाम.

उजवा हात मोडलाय, म्हणून अक्षर वाकडं. बाकी बरा आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

जनगणनेनंतर इथले मतदारसंघ नव्याने आखले. ओढ्यापलीकडची वस्ती शेजारच्या गावाला जोडल्याचा आमच्या निवडणूक कचेरीचा हुकूम मी गावच्या सभेत वाचून दाखवला. "आम्ही काय मेंढरं आहोत, हवी तशी वाटायला?" कुणीतरी ओरडलं आणि दगड सुरू झाले. आमच्या साहेबांचं डोकं फुटलं. मला खाली पाडून एकजण फावड्याने मारत होता, तेवढ्यात त्याची म्हातारी आई, झूराकान, माझ्या अंगावर आडवी पडली. "आता मार," म्हणाली. त्याने फावडं टाकलं.

तिच्याच घरी आहे, मटणाचा शोर्पो पाजते. पोलिसांना मी घोड्यावरून पडल्याचं सांगितलं. ते हसले, पण तसंच लिहून घेतलं. बाबांनाही तेच सांग.

तुझाच,
तोलोबेक