पावसाची मासिक वर्गणी

ताम्हिणी, ता. मुळशी
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप विठ्ठलमामांस,
भाचा जनार्दन याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल चोळता ना? सूसला आता एवढी रहदारी, की तुमच्या दारापुढचा रस्ता ओलांडायचा तर घरी सांगून निघावं लागतं असं ऐकलं, तेव्हा जपून असावे. मामींना सांगावे की त्यांनी दिलेलं लोणचं संपलं. आम्ही सर्व इकडे खुशाल (माझी कंबर सोडून, तिचं पुढे येईलच). फोनच करणार होतो, पण मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही ‘आवाज येईना’ म्हणून ठेवता, आणि हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही.

आपलं ‘रानवस्ती’ पर्यटन केंद्र (तुम्ही अजून ‘जनाची खानावळ’ म्हणता, असो) पावसाळ्यात भरतं आणि दिवाळीनंतर तिथे कुत्रंही फिरकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा तर मी कंटाळून जागा विकायची बोलणी लावली होती. एजंट येऊन पावलांनी जमीन मोजूनही गेला. पण संक्रांतीपासून काय झालं कोण जाणे, दर शनिवार-रविवार गर्दी! मी त्याचं सगळं श्रेय रस्त्यावरच्या नव्या पाटीला दिलं. (पाटीवरचा मोर मी स्वतः काढलाय. काही लोक कोंबडी समजून जेवायला थांबतात, पण तोही धंदाच.) एजंटाला निरोप धाडला की तूर्त विकायचं नाही.

अशा भरभराटीत धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट बघितलं, तर दर महिन्याला कुणा ‘निंबस प्रो’ला पैसे चाललेले. पुढे ‘सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन’ असं लिहिलेलं. रक्कम फार नव्हती, दोन थाळ्यांची असेल. पण मामा, डास लहान आहे म्हणून कुणी त्याला चावू देतं का?

निंबस म्हटल्यावर मला आधी लिंबूच आठवलं. सरबताची लिंबं आपल्याला कैलास आणून देतो. त्याला गाठून खडसावलं, की तू या नावानं दुसरा धंदा काढलायस का? तो म्हणाला, “दादा, मी लिंबं इकतोय. सापटवेर इकत आसतो तर टेम्पोला धक्का मारत आलो आसतो व्हय?” मुद्दा पटला. मग संशय हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर. आमची जुईली तिथेच नोकरीला, म्हणून तिला म्हटलं, तुमच्यातलं कोण घेतंय ते बघ. ती म्हणाली, पप्पा, इथे हजारो माणसं आहेत, विचारू कुणाला? मी म्हटलं, संध्याकाळी गेटवर उभी राहा आणि एकेकाला विचार. तर ‘आवाज येईना’ म्हणून तिने फोन ठेवला. (हा गुण तिने तुमच्याकडून उचलला.) शेवटी जयाला विचारलं. बुकिंगचा मोबाईल तिच्याकडेच असतो. ती ‘बघते’ म्हणाली आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला तिथेच कळायला हवं होतं, पण मी फक्त आमटी खारट झाली एवढंच बोललो आणि त्यावरून वेगळं भांडण झालं.

आता मध्येच पावसाचं सांगतो. यंदा आमच्याकडे अवकाळीने उच्छाद मांडला होता. दुपारची जेवणं उरकून पाहुणे कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत आडवे झाले, की ताडताड ताडताड पाऊस! मी मागच्या खोलीतून ताडपत्री घेऊन धावायचो आणि अंगणातल्या कुरडया झाकायचो. वरच्या वाडीतून रंभाबाई आपल्याकडे स्वयंपाकाला येतात. त्या म्हणायच्या, “मालक, ऊन हाय की वं.” मी त्यांना समजावायचो, की बाई, हा ताम्हिणीचा पाऊस आहे, एका पत्र्यावर पडतो आणि शेजारच्या कौलाला पत्ता लागू देत नाही. (हे खरं आहे. एकच शिंग भिजलेली म्हैस मी या डोळ्यांनी पाहिली आहे.) जया म्हणायची, “पडला असेल.” नुकसानीच्या पंचनाम्यासाठी मी तलाठ्यालाही बोलावलं. ते कोरड्या अंगणात उभे राहिले, आकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा प्यायले आणि गेले.

असो. शुक्रवारी पौडला बँकेत गेलो. तिथल्या मोनाली मॅडमनी बघून सांगितलं की कार्डावरून आपोआप पैसे जातात, म्हणजे कुणीतरी कधीतरी मंजुरी दिलेली आहे. “काका, घरी एकदा नीट विचारलंत का?” मी बाणेदारपणे म्हटलं, मॅडम, घरातली माणसं माझी आहेत, चोर बाहेरचा आहे, तुम्ही कार्डच बंद करा! रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. मॅडमनी कार्ड बंद केलं. मी वडापाव खाऊन विजयी मुद्रेने घाट चढलो.

शनिवारी दुपारी रोहित नावाचा एक मुलगा नव्या नवरीला घेऊन उतरला होता. जेवले, आडवे झाले, आणि लागला पाऊस. मी ताडपत्री घेऊन अंगणात. इतक्यात पाऊस एकदम कापल्यासारखा थांबला, आणि मामा, पत्र्याखालून एक बाई गोड हिंदीत बोलली, “बिना रुकावट बारिश के लिए, अभी सदस्यता लें!” रंभाबाईंच्या हातातली परात खाली पडली. “मालक, आबाळ बोलाय लागलं!” म्हणत त्यांनी दोन्ही हात जोडले. मीही जोडले. (ताडपत्री त्यामुळे वाऱ्याने गेली, ती पार दूर कासारसाईला मिळाली तरी आश्चर्य नाही.) रोहित दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, “काका, पाऊस का बंद केला? आम्ही त्याचेच पैसे भरलेत.”

मी जयाकडे बघितलं. जया कुरडयांकडे बघत होती.

तर झालं होतं असं. एजंट जमीन मोजून गेला आणि तिने जागा वाचवायचं मनावर घेतलं. तिनेच ही खोली सजवली, पत्र्याखाली स्पीकर लपवले, मोबाईलवर पावसाचे आवाज वाजवणारं ते निंबस घेतलं आणि ‘ताम्हिणीचा पाऊस, बारा महिने’ अशी जाहिरात टाकली. गर्दी त्याची होती. माझ्या मोराचा काही संबंध नव्हता. मग मला का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाली, “सांगितलं असतं तर ताम्हिणीत पाऊस विकत घेतला म्हणून तुम्ही गावभर हसला असता. आणि जागा विकली असती.” मी खरंच हसलो असतो.

पण मी कार्ड बंद केल्याने निंबसची वर्गणी थकलेली, पाहुणे दारात उभे, आणि बँकेला दुसऱ्या शनिवारची सुट्टी. तेव्हा मी शिडी लावली, हौदाच्या मोटारीला पाईप जोडला आणि पत्र्यावर चढून स्वतः पाऊस पाडला. खालून रंभाबाई परात बडवून गडगडाट करत होत्या. (त्यांनी जीव ओतला. “आजून जोरात करू का वं?” असं मध्येमध्ये विचारत होत्या, ते मात्र खोलीत ऐकू जात होतं.) पाहुण्यांची झोप पुरी होईपर्यंत बरसलो. उतरताना पाय घसरला आणि थेट कुरडयांवर बसलो. कंबर तेव्हाची. पण रोहितने पाच तारे दिले! लिहिलंय, ‘इतका खरा पाऊस कुठेच नाही, गादीसुद्धा भिजली.’

सोमवारी जयाने मला गाडीत आडवं घालून पौडला नेलं. मोनाली मॅडमना म्हटलं, तक्रार मागे घेतो, नवं कार्ड द्या, पैसे कशाचे ते सापडलं. त्यांनी विचारलं, कशाचे? मी आवाज खाली आणून म्हटलं, “पावसाचे.” त्यांनी शिपायाला सांगून मला आधी पाणी दिलं.

थोरांच्या पाया पडतो (मनातल्या मनात, वाकता येत नाही). मामींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
जनार्दन

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. तुमच्या मंडपाच्या धंद्यातले दोन मोठे स्पीकर मे अखेरपर्यंत पाठवावेत. निंबसचं मी वर्षाचं घेतलं, त्यात विजांचा कडकडाट फुकट आहे, पण आमच्या लहान स्पीकरवर तो पापड मोडल्यासारखा वाटतो.

ता. क. २ : मामा, मी जया. स्पीकर पाठवू नका. कंबरेचं निमित्त करून हे स्वतःच त्या खोलीत पाऊस लावून झोपतात आणि पाहुण्यांना ओसरीवर बसवतात.

ता. क. ३ : तिचं मनावर घेऊ नये. मात्र एक सल्ला हवा. एका बाईंनी जुलैचं बुकिंग केलंय आणि विचारलंय, दुपारी दोन ते चार पाऊस जरा बारीक ठेवाल का? मी सवयीने ‘हो’ म्हणून पैसे घेऊन बसलोय. आता या खऱ्या पावसासाठी पौडला कुणाला भेटू?