कडक स्प्रिंगला तीन गुण

चिंचवड,
रविवार

प्रिय ज्ञानेश,

पाकीट बघून आधी हसशील. तीन टेबलं पलीकडे बसणारी बाई पत्र कसलं लिहिते, म्हणशील. पण फोन केला असता तर "गाडीवर आहे, नंतर बोलू" म्हणून तू तो कापला असतास, आणि मेसेज केला असता तर एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. गणपतीपासून तू मला ताकास तूर लागू देत नाहीयेस. म्हणून कागद. तो मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडणार नाहीस एवढं मी तुला ओळखते. तुझ्या बाकी कशाचीच मला मध्यंतरी खात्री राहिली नव्हती, हे मात्र खरं.

उद्याच्या मीटिंगमध्ये गुरुदत्त सरांना गाडीची स्प्रिंग सांगायची आहे. आपण बनवतोय त्या दोन सीटच्या गाडीचं बाकी सगळं ठरलं, दाराच्या आतल्या कापडाचा रंगसुद्धा ठरला, आणि गाडी अडली ती कडक की मऊ एवढ्यावर. तुला नव्याने सांगायला नको, पण मला ते लिहून बघू दे, कारण या दोन शब्दांनी माझी झोप घालवली आहे. कडक घेतली तर गाडी वळणावर अंग टाकत नाही, ब्रेक दाबल्यावर नाक खुपसत नाही, पण रस्त्यातला प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जातो. मऊ घेतली तर बसणारा खूश, पण वेगात लेन बदलायची वेळ आली की गाडी आधी एका अंगावर कलंडते आणि मग सावकाश ऐकते. भाजी आणायच्या गाडीत ते खपून जातं. ही गाडी कुणीतरी द्रुतगती मार्गावर सुसाट नेणार, समोर अचानक ट्रक येणार, आणि तेव्हा ती ऐकायला उशीर लावणार असेल तर तिच्या कागदावर सही माझी असेल. सेन्सर सगळं मोजतात, पण गाडीवर चालवणाऱ्याचा विश्वास बसतो की नाही हे त्यांना कळत नाही. ते मला नेहमी तूच सांगत आलास.

आकुर्डीला कॉलेजात आपण ती रेसची गाडी बांधली तेव्हापासून. पाइप वाकडे, वेल्डिंग ओबडधोबड, आणि सीट म्हणजे फायबरचं घमेलं. तेव्हाच आपला नियम ठरला होता: गाडी थांबली की हेल्मेट काढण्याआधी तू पहिलं वाक्य बोलायचंस, आणि मी तेवढंच धरायचं. हेल्मेट काढलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस खोटं बोलू शकतो, असं तूच म्हणाला होतास. काय एकेक वाक्यं असायची. "मधू, ही वळणावर लाजते." "हिची मागची चाकं पुढच्यांशी बोलत नाहीत." मी त्यावरून स्प्रिंग बदलायचे आणि ती बरोबर निघायची. चाकणला कंपनीत आलो तरी नियम तोच राहिला. आत कोणती स्प्रिंग आहे ते तुला सांगायचं नाही, तिच्यावरच्या रंगाच्या खुणेवर काळी टेप लावायची, आणि तू दहापैकी गुण द्यायचे. ऑगस्टमध्ये तू कडक स्प्रिंगला आठ दिलेस. "राव, ही मनातलं ओळखते," हे तुझं वाक्य होतं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की माझं काम संपलं.

मग गणपती झाले आणि तीच स्प्रिंग तुला नकोशी झाली. पाच, चार, एकदा तर तीन. मऊ स्प्रिंगला मात्र सात, आठ. मी सेन्सरचे आकडे काढून बघितले, तर कडक स्प्रिंगवर गाडी आधीइतकीच सरळ आणि शहाणी. मला आई लहानपणापासून म्हणते की ही पोरगी देवळातल्या तीर्थाचाही वास घेऊन बघेल. तर आता मी वास घ्यायला लागले. पहिली गोष्ट दिसली ती हेल्मेटची. तू आधी हेल्मेट काढायला लागलास. गाडी थांबायची, तू आतच बसून राहायचास, काच वर, पाणी प्यायचास, मग बऱ्याच वेळाने दार उघडून, छताला धरून, माझ्याकडे न बघता म्हणायचास, "ठीक आहे, जरा हार्श आहे." हार्श! ज्या माणसाने गाडी लाजते असं म्हटलं त्याला आता इंग्रजी माहितीपत्रकातला शब्द सुचत होता.

दुसरी गोष्ट टायरची. चाचणीआधी हवा मी स्वतः मोजते, तुला ठाऊक आहे. कडक स्प्रिंगच्या दिवशी गाडी परत आली की चारही टायरांत हवा कमी भरायची. विचारलं तर तू म्हणालास, व्हॉल्व्ह लीक असतील. चार व्हॉल्व्ह, एकाच दिवशी, एकसारखे? आणि मऊ स्प्रिंगच्या दिवशी तेच व्हॉल्व्ह अगदी सोवळ्यात? हवा कमी केली की गाडी वळायला सुस्त होते हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. म्हणजे तू चाचणीच्या रस्त्याच्या टोकाला गाडी थांबवून, खाली उतरून, माझ्या स्प्रिंगला वाईट ठरवण्यासाठी हवा सोडत होतास. मी दुसरा काही अर्थ लावू शकले नाही. आणि मग मी एक डाव टाकला, तो आज सांगते. त्या मंगळवारी आणि बुधवारी गाडीत स्प्रिंग बदललीच नव्हती. दोन्ही दिवस कडकच होती, फक्त टेप नवी लावली. तू मंगळवारी तीन दिलेस आणि बुधवारी सहा. गाडी तीच, रस्ता तोच, स्प्रिंग तीच, आणि गुण दुप्पट. तेव्हा मला कळून चुकलं की तू आकडे मनाने देतोयस. तुझ्यावरचा विश्वास पानिपतात गेला, ज्ञानेश.

कुणासाठी, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भोसरीच्या स्प्रिंगवाल्यांचा तो सुजित. मऊ स्प्रिंग त्यांच्याकडे तयार आहे, कडकसाठी त्यांना वेगळी तार मागवावी लागेल आणि नवीन साचे करावे लागतील. त्याला मऊच हवी असणार हे उघड आहे. आधी तो आपल्याकडे महिन्यातून एकदा यायचा, आता तो आठवड्यातून तीनदा गेटबाहेर गाडी लावून उभा. आणि तू, जो बाराही महिने बुलेटवर यायचास, तो त्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा होऊन जातोस. एकदा रहाटणीच्या चौकात मी सिग्नलला उभी होते, तर तुम्ही दोघं एका इमारतीत शिरताना दिसलात. त्याने तुझा दंड धरला होता, अगदी जिवलग असल्यासारखा. मी घरी येऊन जेवले नाही. वाईट याचं नाही वाटलं की तू विकला गेलास. विकला गेलास आणि मला वाटा विचारला नाहीस, असं काहीतरी खुळं मनात आलं, आणि मग खूप रडू आलं.

नवरात्रात तर कहर झाला. कँटीनमध्ये तू खुर्चीवर बसेनास, उभ्यानेच ताक पिऊन जायचास. कुणी विचारलं की म्हणायचास, उपास आहे, व्रत आहे. ज्याने कॉलेजात असताना ऐन अष्टमीला आकुर्डी स्टेशनबाहेर दोन आम्लेट-पाव हाणले आणि मलाही बाटवलं, तो आता व्रत धरतो? मी मनात म्हटलं, पाप झाकायला देव बरा सापडला. म्हणून परवा शुक्रवारी संध्याकाळी, तू घरी नसणार हे नक्की बघून, मी पिंपळे गुरवला तुमच्याकडे गेले. उशिरा का होईना, सोनं द्यायला आले असं तुझ्या आईला सांगितलं, पण खरी गेले होते ती घरात काय नवीन आलंय ते बघायला. नवा टीव्ही, नवा सोफा, काहीतरी सापडेल म्हणून. सापडलं काय, तर तुझ्या खोलीत भिंतीला उभा करून ठेवलेला पलंग.

यशोदामावशींनी चहा ठेवला आणि आपणहून बोलायला लागल्या. "बाई, तूच इचार त्याला. नवरात्रात भुईवर निजला, म्या म्हनलं निजू दे, देवीचं हाय. आता दसरा झाला, कोजागिरी झाली, तरी गादी नगं म्हनतोय. फरशीवर निस्ती सतरंजी. इतकं कडक व्रत आमच्या बीडात म्हाताऱ्या बाया बी धरत न्हाईत." मग माझ्याकडे जरा वेगळंच बघून त्यांनी आवाज खाली केला. "खरं सांग, पोरीपायी हाय का? लगीन जमावं म्हून बोललाय का देवीला?" तुझी आईही संशयच घेत होती, आणि तो माझ्यावर. मी हसले, नाही म्हटलं, आणि चहाचा कप हातात तसाच राहिला. कारण व्रत संपल्यावरही फरशीवर झोपणारा माणूस मी आधी पाहिला आहे. माझे बाबा. मणक्याची चकती सरकली होती तेव्हा.

तिथून मी थेट रहाटणीच्या त्या इमारतीत गेले. पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपीची पाटी, बाहेरच्या बाकावर सुजित, आणि त्याच्या मांडीवर तुझे बूट. मला बघून तो उभा राहिला पण बूट खाली ठेवले नाहीत. त्याचा मेहुणा तिथला डॉक्टर आहे हे त्यानेच सांगितलं. तू वाकू शकत नाहीस म्हणून बूट तोच काढतो आणि तोच घालतो, हे सांगताना तो ओशाळला. गणपतीच्या तोंडावर निघोजे रस्त्यावर तो बिनरंगाचा गतिरोधक लागला तेव्हाच पाठ गेली म्हणे. तू मला फक्त रिम वाकल्याचं सांगितलं होतंस. त्या दिवशी गाडीत माझी कडक स्प्रिंग होती. "मॅडम, मी लय वेळा म्हटलं, सांगून टाक भावा," सुजित म्हणाला. "तर म्हणतो, सांगितलं तर मधूला माझा एक पण आकडा खरा वाटणार नाही. मग मी कशाला उरलो तिथं?" मी बाकावर बसले. आत मशीनचा टिकटिक आवाज येत होता आणि तू कण्हत होतास. मी आत आले नाही. मी तुला तशा अवस्थेत बघितलेलं तुला आवडलं नसतं, आणि खरं तर मला स्वतःलाही धीर नव्हता.

मग सगळं आपोआप सुटत गेलं. हवा तू स्प्रिंग बदनाम करायला सोडत नव्हतास, हादरा जरा कमी बसावा म्हणून सोडत होतास. मंगळवारी तीन दिलेस कारण सोमवारी क्लिनिक बंद असतं, आणि बुधवारी सहा कारण मंगळवारी संध्याकाळी शेक घेतला होतास. महिनाभर मी जे गुण स्प्रिंगचे म्हणून मांडत होते ते तुझ्या दुखण्याचे होते. आणि तू खोटं बोलत नव्हतास, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. तुला ती स्प्रिंग खरोखरच तीन वाटत होती. (सुजितवरचा माझा संशय मात्र पूर्ण गेलेला नाही. बूट सांभाळणारा माणूस मऊ स्प्रिंगही विकू शकतो. मी त्याच्या कोटेशनवर नजर ठेवणार आहे.)

उद्या मी कडक स्प्रिंग सांगणार आहे. गणपतीनंतरचे तुझे सगळे आकडे मी बाजूला काढले आणि ऑगस्टमधल्या तुझ्या पाठीवर विश्वास ठेवला. पण ती काही पत्र लिहिण्याजोगी गोष्ट नाही, ती तुला मीटिंगमध्येही कळली असती. पत्र यासाठी, की काल संध्याकाळी मी गुरुदत्त सरांच्या घरी जाऊन तुझ्या पाठीचं त्यांना सांगितलं. कंपनीच्या डॉक्टरांनाही फोन केला. तू मला कधी सांगितलं नव्हतंस, त्यामुळे गुपित फोडलं असंही म्हणता येत नाही, पण तू तसंच म्हणणार आणि ते बरोबरच असेल. उद्या सकाळी तुला चाचणीच्या गाडीची किल्ली मिळणार नाही. ती मिहिरला मिळेल, ज्याला गाडीबद्दल "मस्त आहे" यापलीकडे एक शब्द सुचत नाही. पुढे तुझं काय, असं मी सरांना विचारलं, तर ते "बघू" म्हणाले, आणि त्यांच्या बघूचा अर्थ आपल्याला दोघांनाही माहीत आहे. किल्लीच्या खिडकीपाशी चार लोकांसमोर तुला हे कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. आणखी एक महिना तू त्या सीटवर बसला असतास तर पुढचं आयुष्य कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालला असतास, असं तुझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं. सुजितसमोर सांगितलं, विचार त्याला. माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी ते सोसेन, ज्ञानेश. दुसरं मला सोसवलं नसतं.

इतका संशय घेऊनही तुझीच,
मधुवंती