थेंब पोटात घेतलेला बुडबुडा

५ मार्च २००७, वसई
सोनोग्राफी झाली. सेसिलीच्या यकृतातली गाठ जिथल्या तिथे, ठाण मांडून. औषधाने बायकोचे केस गेले, जेवण गेलं. ढेकणासाठी घर जाळणं म्हणतात, ते हेच.

७ मार्च
रीटाचा फोन. लेक परदेशात प्रयोगशाळेत बुडबुड्यांवर काम करते, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या. म्हटलं, नीट समजावून सांग. म्हणाली, "बाबा, बुडबुड्याच्या पोटात औषधाचा थेंब. रक्तात सोडायचा. गाठीपाशी पोचला की बाहेरून सोनोग्राफीतल्यासारखा आवाज मारायचा. तिथेच फुटेल. बाकी अंगाला त्रास नाही."
रिकामा बुडबुडा आवाजाबरोबर फुगतो नि आकसतो. पोटात थेंब असला की फुगतो मोकळा, पण आकसताना थेंब आडवा येतो. पटलं.
"आईपर्यंत कधी पोचेल?"
"प्रयत्न चाललाय, बाबा."
मला तेवढं पुरे.

११ मार्च
रीटाच्यासारखा बुडबुडा करून बघायला काचेच्या बरणीत रिठ्याचं पाणी. त्यातलंच थोडं, साखर घालून, डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून हलकेच वरून. कितीतरी थेंब वाया. मग एक हवेचं झबलं घालून आत उतरला! बरणी सेसिलीच्या खाटेशी नेली.
"जन्मभर केळी लावली, आता म्हातारपणी फेसाशी खेळा," म्हणाली. पण हसली.
म्हटलं, रीटाचं औषध येईस्तोवर कळ काढ. उद्याचा डोस घे.
"बरं."

१३ मार्च
काल डोस. आज पेजही पोटात ठरत नाही. तरी विचारलं की "बरं आहे".

२८ मार्च
वाडीतून लवकर आलो. सेसिली फोनवर, पाठ माझ्याकडे.
"बाय, बाबांना नको सांगूस. बुडबुडे अजून टाकीतल्या पाण्यातच फुटतायत, माणसाला द्यायला वर्षं लागतील, हे मला तू नाताळातच सांगितलंस ना? मग झालं तर. त्यांची आशा कशाला मोडायची? मी घेते ना डोस."
तसाच मागे फिरलो. ओल्या केळींना पुन्हा पाणी घातलं.
माझ्या आशेपायी ती...

१ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
देवळातून फादरांच्या आशीर्वादाची झावळी आणली, तिच्या उशाशी खोचली. उद्या डोस.
बरणी काढली. माझे थेंब वरच विरत होते. "द्या इकडे." तिचा पहिलाच थेंब आत उतरला. "बघा! तुम्हाला काही येत नाही."
शेवटी म्हटलं, "सेसिली, नको वाटत असेल तर उद्या नको जाऊया. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको."
कोणी सांगितलं, कसं कळलं, काही विचारलं नाही. बरणीकडे बघत म्हणाली, "माझ्यामागे तुम्ही एकटे काय खाल हो?"
रिक्षावाल्याला सकाळचं सांगून ठेवलंय. येऊ नको म्हणायला उठलो, परत बसलो. छाती फुगते, पुरती आकसत नाही.
थेंब अजून फुटलेला नाही. दोघं बघत बसलोय.